ट्रान्सप्लांटनंतरची वही कशी ठेवायची

धाकट्या भावाचा मूळपेशींचा ट्रान्सप्लांट ठरला तेव्हा मी खजुरी बाजारात जाऊन लाल कापडी बांधणीची एक आडवी वही आणली. व्यापारी खतावणीला वापरतात तसली. घरच्यांना वाटलं, ताई मनातून फारच हादरलीय. पण इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त काढायचं आणि रिपोर्ट लावायचं काम केल्यावर एक गोष्ट कळते. फाईल जाड होत जाते आणि ती मागून पुढे कुणी वाचत नाही, सगळे फक्त वरचा कागद बघतात. ट्रान्सप्लांटनंतर वरच्या कागदावर भागत नाही.

त्याला एएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग. दाता मीच. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, आमचं जुळलं. माझ्या मूळपेशींची ती लालसर पिशवी सलाईनसारखी त्याच्या अंगात गेली, तो आमचा दिवस शून्य. वहीत तारीख लिहा, पण तिच्याआधी हा दिवसाचा आकडा लिहा. डॉक्टरांचा सगळा विचार त्याच आकड्यावर चालतो. दिवस १४ला आलेला ताप आणि दिवस १४०ला आलेला ताप ही दोन वेगळी दुखणी असतात.

वहीतला प्रत्येक आकडा शेवटी चारांतल्या एका प्रश्नासाठी असतो. नव्या पेशी रुजल्या का? त्या ज्याच्या घरात राहायला आल्या त्यालाच चावताहेत का? बाहेरच्या जंतूंना पुरून उरताहेत का? आणि जुना आजार कुठे दबा धरून बसलाय का? यातला दुसरा प्रश्न म्हणजे जीव्हीएचडी: दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर केलेला हल्ला. तो आवरायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवली की तिसरा आणि चौथा प्रश्न डोकं वर काढतात. म्हणून एकटा आकडा चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. त्याच्या शेजारी त्या दिवशीचं औषध आणि त्या दिवशीचं अंग लिहिलेलं असलं, तरच तो काही सांगतो.

माझी मांडणी अशी. वही उघडली की डावं पान अंगाचं, उजवं पान रक्ताचं, आणि मधल्या शिवणीलगत औषधांचा अरुंद रकाना. औषधाचा डोस बदलला की तिथे लाल पेन. डाव्या पानावर वजन, ताप, जुलाब, पुरळ, तोंड, डोळे, श्वास. उजवीकडे पांढऱ्या पेशी, त्यांतले न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे दोन प्रकार, प्लेटलेट, यकृताचं बिलीरुबीन, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, औषधाची रक्तातली पातळी, सीएमव्ही हा विषाणू. पहिलं पान कोरं सोडा. त्यावर केंद्राने सांगितलेल्या मर्यादा लिहून घ्या: कितीला फोन करायचा, कितीला गाडी काढायची. या मर्यादा प्रत्येक केंद्राच्या आणि प्रत्येक रुग्णाच्या वेगळ्या असतात. शेजारच्या खाटेवरच्या काकांच्या मर्यादा आपल्या वहीत उतरवू नका.

रुजल्याची पहिली खूण न्यूट्रोफिलची. सलग तीन दिवस ५००च्या वर गेले की पेशी रुजल्या म्हणतात. लिम्फोसाइटचा रिपोर्ट मात्र बऱ्याचदा टक्क्यांत येतो आणि टक्क्यांनी माणूस फसतो. एकूण पांढऱ्या पेशी ४,२०० आणि लिम्फोसाइट १२ टक्के असतील तर खरा आकडा ५०४. पुढच्या आठवड्यात टक्का वाढून २० झाला, पण एकूण पेशी २,००० वर आल्या, तर उरले ४००. टक्का वाढला म्हणून घरात पेढे वाटाल, आणि पेशी घटलेल्या असतील. गुणाकार करा आणि तोच लिहा.

नव्या प्रतिकारशक्तीच्या पेशी एका दमात येत नाहीत. एनके पेशी पहिल्या काही आठवड्यांतच येतात. मग सीडी८, मग सावकाश प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी, आणि सीडी४ सगळ्यांत शेवटी. सीडी८ आणि सीडी४ या टी पेशींच्या दोन जाती. मोठ्या माणसात सीडी४ भरून यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, कारण त्या पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसलेली असते. धाकट्याचा शंभराव्या दिवसाच्या आसपासचा सीडी४ आला ९६. भावजयीने मला रात्री साडेअकराला फोन केला, "ताई, खाली लिहिलंय नॉर्मल पाचशेच्या वर." ते नॉर्मल निरोगी माणसाचं. शंभराव्या दिवशी कमी सीडी४ हे नेहमीचं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळणारी सेप्ट्रानची गोळी चालू राहणार. ही गोळी निदान सहा महिने, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर त्याहून जास्त चालते. साधारणपणे सीडी४ २००च्या वर जाऊन टिकल्याशिवाय डॉक्टर तिला हात लावत नाहीत. महिन्या-महिन्याला आकडा चढतोय की नाही, ते बघा. चढता चढता अचानक पडला, तर त्या ओळीला चौकट करा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सीडी४-सीडी८ची तपासणी फ्लो सायटोमेट्रीने होते आणि त्यात जिवंत पेशी मोजतात. जांभळ्या झाकणाची नळी फ्रिजमध्ये ठेवायची नाही, नेहमीच्या तापमानाला ठेवायची, आणि ती एक-दोन दिवसांत मशीनपर्यंत पोचली पाहिजे. आपल्या गावात रक्त काढून मुंबई-दिल्लीला पाठवत असाल तर शनिवारी संध्याकाळी देऊ नका. रविवारभर नळी कुठल्या तरी खोक्यात पडून राहते. सोमवार-मंगळवारी सकाळी द्या, आणि त्याच दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तीसुद्धा काढा. मे महिन्यात तर कुरियरवाल्याला, "भिया, उन्हात नको ठेवू," असं तोंडाने सांगा. आमच्या इंदूरच्या उन्हात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेली नळी गेलीच म्हणून समजा.

कायमेरिझमचा रिपोर्ट लोकांना सगळ्यांत जड वाटतो, आणि खरं म्हणजे तो सगळ्यांत सरळ आहे. रक्तातल्या पेशींपैकी दात्याच्या किती टक्के, एवढंच तो सांगतो. आमच्या बाबतीत तर गंमतच. दाता बहीण, घेणारा भाऊ, त्यामुळे त्याच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तर त्या आता एक्सएक्स, म्हणजे बाईच्या, निघतात. ९८ टक्के आला आणि पुढच्या वेळी ९७, तर झोप उडवून घेऊ नका. ९८, ९१, ७८ असा उतरता जिना दिसला तर ती घसरण आहे. आजार परतण्याची किंवा दात्याच्या पेशी मागे हटण्याची शंका घ्यायची ती तेव्हा. पूर्ण रक्ताचा कायमेरिझम आणि टी पेशींचा कायमेरिझम हे दोन वेगळे आकडे असतात. एकाच रकान्यात कोंबलेत तर नसलेला उतार दिसेल. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

याच्याच शेजारी रक्तगट लिहा. धाकटा होता बी पॉझिटिव्ह, मी ओ पॉझिटिव्ह. काही महिन्यांत त्याचा गट माझा झाला. लायसन्सवर अजून जुनाच छापलाय. म्हणून पाकिटात केंद्राने दिलेलं कार्ड हवं: ट्रान्सप्लांट झालेला आहे, रक्त द्यायचं तर विकिरणित, म्हणजे किरणं देऊन लिम्फोसाइट निकामी केलेलं द्या, गट कुठला ते केंद्राला विचारा. विकिरणित नसलेल्या रक्तातल्या परक्या लिम्फोसाइटही अशा माणसात हल्ला चढवू शकतात.

जीव्हीएचडीचा अंदाज देणारे म्हणून ज्यांची नावं वाचाल ते रक्तातले दोन मार्कर, म्हणजे खुणेची प्रथिनं, एसटी२ आणि रेग३-अल्फा. आतड्याच्या अस्तरातल्या खोलगट भागात काही पेशी जंतुनाशक प्रथिन बनवतात, ते रेग३-अल्फा. अस्तराला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. एसटी२ हा आयएल-३३ या संदेशाला पकडणारा भाग. तो सुटा होऊन रक्तात फिरायला लागला की हल्ला भडकण्याची आणि स्टिरॉइडला दाद न देण्याची जोखीम जास्त, हे २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. दोन्ही मिळून एक संभाव्यता काढतात. सातव्या दिवशी, म्हणजे अंगावर काहीच दिसत नसताना काढलेल्या रक्तावरूनही पुढचा अंदाज बांधता येतो, हे त्याचं महत्त्व. पण तो अंदाज शंभर जणांच्या गटाचा असतो. जास्त जोखमीच्या गटातही कितीतरी जण सुखरूप राहतात, आणि कमी जोखमीच्या गटातल्याही काहींना त्रास होतो. आमच्या केंद्रात ही तपासणी रोजच्या कामात नव्हती, त्यामुळे माझा तो रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला. तुमच्या इथे होत असेल तर आकडा लिहा, कुठल्या दिवशीचा ते लिहा, आणि त्यावरून घरी भविष्य सांगत बसू नका.

रकाना कोरा असला म्हणून मोजायचं थांबत नाही. जुलाब "बरेच झाले" असं लिहू नका. स्वयंपाकघरातलं असतं तसं खुणांचं प्लास्टिकचं एक लिटरचं माप त्याच कामाला वेगळं ठेवा आणि मोजा. मोठ्या माणसात दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं की आतड्याच्या जीव्हीएचडीची पायरी सुरू होते, १,५००च्या वर गेलं की प्रकरण गंभीर. किळस पहिले दोन दिवस वाटते. पुरळ हाताच्या पंजाने मोजा. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. पाठीवर बारा तळवे, दंडावर तीन, असं लिहा. कान, तळहात, तळपाय रोज उजेडात बघा, सुरुवात बहुधा तिथून होते. यकृताची पहिली पायरी बिलीरुबीन २च्या वर.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

टॅक्रोलिमस नावाची, प्रतिकारशक्ती दाबणारी कॅप्सूल दर बारा तासांनी घ्यायची असते. रक्तातली पातळी बघायची ती पुढचा डोस घेण्याच्या आधी, पातळी तळाला असताना. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एकशे अठराव्या दिवशी मी रामबागेत त्याच्या घरी सव्वानऊला पोचले, टूर्निके बांधला, रक्त काढलं, नळी भरली, गप्पा मारल्या, चहा घेतला. त्याने सात वाजताच कॅप्सूल घेतली होती. मी विचारलं नाही. त्याला वाटलं, ताई लॅबवाली आहे, काही असतं तर तीच बोलली असती. पातळी आली १९. केंद्राच्या डॉक्टरांनी, त्यांच्या जागी कुणीही केलं असतं तेच केलं, डोस कमी केला. एकशे एकोणतिसाव्या दिवशी त्याचे कान लाल झाले आणि तळहात झोंबायला लागले. दोन दिवसांनी माप ७०० मिलीपर्यंत भरलं, बिलीरुबीन २.४. मी वही उलटी वाचत गेले. लाल पेनच्या खुणेवर थांबले आणि भावजयीला विचारलं, त्या दिवशी त्याने कॅप्सूल किती वाजता घेतली होती? नीट वेळेला पुन्हा काढलेली पातळी ३.१ निघाली, म्हणजे फारच कमी. माझ्याच पेशी, आणि त्यांचा पट्टा मीच सैल केला होता. पुढचे तीन आठवडे स्टिरॉइड, साखर वर, चेहरा फुगलेला. सावरला.

तेव्हापासून पातळीच्या रकान्यात मी तीन आकडे लिहिते: शेवटचा डोस किती वाजता, रक्त किती वाजता, पातळी किती. पहिल्या दोन वेळांशिवाय तिसरा आकडा लिहायचाच नाही. रक्त काढायला माणूस घरी येणार असेल तर कॅप्सूलची पट्टी त्याच्या येण्याआधी हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणखी एक. छातीतल्या नळीच्या ज्या तोंडातून हे औषध शिरेवाटे दिलं असेल, त्याच तोंडातून नमुना काढला तर आकडा खोटा वर येतो. बुरशीचं औषध, व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल, सुरू केलं की टॅक्रोलिमसची पातळी चढते, बंद केलं की उतरते. क्षयाचं रिफाम्पिसिन ती पाडतं. म्हणून गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेली साधी गोळीसुद्धा मधल्या रकान्यात आली पाहिजे, आणि शक्यतो केंद्राला विचारूनच पोटात गेली पाहिजे.

सीएमव्ही हा आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला विषाणू. पहारा ढिला पडला की उठतो, म्हणून पहिले शंभर दिवस तरी साधारण दर आठवड्याला पीसीआर. एकाच लॅबमधून करा, कारण प्लाझ्मातला आकडा आणि पूर्ण रक्तातला आकडा एकमेकांशी ताडता येत नाही, आणि एककंही वेगळी असतात. तिप्पटीच्या आतला चढउतार यंत्राचाच असू शकतो. ४००चे ९०० झाले तर पुढचा आठवडा बघतात. ४००चे ४,००० झाले तर त्याच दिवशी फोन. त्यावरच्या व्हॅलगॅनसायक्लोव्हिर या औषधाने न्यूट्रोफिल पडतात. मधला रकाना भरलेला नसेल तर पेशी का पडल्या म्हणून घरभर घबराट.

आयजीजी, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, ४००च्या खाली गेलं आणि वरचेवर जंतुसंसर्ग होत असतील तर इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतात. सीआरपी आणि फेरिटिन हे अंगातला दाह दाखवणारे आकडे लिहून ठेवा, पण त्यांच्यावर फार जीव टाकू नका. कशानेही चढतात.

ताप ३८ अंशांच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर वही बंद आणि फोन, रात्रीचे तीन असले तरी. स्टिरॉइड चालू असताना ताप दबतो. तेव्हा नुसती थंडी वाजली, गळून गेल्यासारखं झालं, तरी फोन. फोनवर रामायण नको. मी असा निरोप पाठवते: "दिवस १२९. कान लाल, दोन्ही तळहात झोंबतात, कालपासून. ताप नाही, जुलाब नाही. टॅक्रोलिमस ११ दिवसांपूर्वी कमी. व्होरिकोनॅझोल चालू." सोबत उजेडात काढलेला फोटो आणि वहीच्या त्या पानाचा फोटो. आपल्या मनाने डोस वर-खाली करायचा नाही, वही कितीही व्यवस्थित असली तरी.

घरचं थोडक्यात. पोहे चालतात, वरचा कच्चा कांदा, कोथिंबीर नाही. सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं वर्षभर विसरा. खिडकीतली कबुतरं हाकला, पण त्यांची घाण रुग्णाने साफ करायची नाही. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, रंगांची मिरवणूक, टीव्हीवर बघा. गुलालापेक्षा गर्दीची आणि धुळीची भीती, आणि उन्हाची, कारण उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी चाळवतो. पोलिओ रविवारी घरातल्या बाळाला तोंडावाटे जिवंत लसीचा डोस पाजण्याआधी केंद्राला विचारा, इंजेक्शनची लस हा पर्याय असतो. रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या लसी पुसल्या जातात. मृत लसी काही महिन्यांनी पुन्हा सुरू होतात, गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत, आणि नंतरही जीव्हीएचडी आणि त्याची औषधं थांबलेली असतील तरच. वहीच्या शेवटच्या पानाला मी लसींचं पान केलंय.

शंभर दिवसांनंतर लोक वही सैल सोडतात. तसं करू नका. रोज नको, पण महिन्यातून एक पान भरा. बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या की दीर्घकाळ चालणाऱ्या जीव्हीएचडीची शक्यता वाढते, विशेषतः त्या बाईला मुलं झालेली असतील तर. मला दोन आहेत. म्हणून आमच्या मासिक पानावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का, नखं, सांधे किती वाकतात, आणि दोन जिने चढून श्वास कसा आहे, एवढं असतं. फुप्फुसाची फुंकर-तपासणी पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी. तिथली घसरण माणसाला दम लागण्याच्या आधी दिसते.

धाकटा पक्का इंदुरी, लवंगी शेव मूठमूठ खाणारा. दोनशे नव्वदाव्या दिवशी त्याने बंद पाकिटातली थोडी शेव तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. म्हणाला, "आज तिखट जास्त घातलंय वाटतं." मी त्याच पाकिटातली खाल्ली. नेहमीसारखीच होती. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी टॉर्च लावून गालाच्या आतली बाजू बघितली. पांढऱ्या जाळीच्या बारीक रेघा होत्या, जीव्हीएचडीच्या. तोंडात धरायचं स्टिरॉइडचं पाणी दिलं आणि टॅक्रोलिमस कमी करायचं ठरलं होतं ते लांबवलं. त्या ओळीला उजव्या पानावर पांढऱ्या पेशी ६,१००, लिम्फोसाइट १,४००, बिलीरुबीन ०.७, कायमेरिझम १०० टक्के, सीएमव्ही शून्य. डाव्या पानावर दोनच शब्द: शेव झोंबली.